फोटो आमचा, जाहिरात त्यांची

एका व्यवसायाने काढलेला फोटो दुसऱ्याने न विचारता आपल्या जाहिरातीत लावणे हा प्रकार महाराष्ट्रात आता इतका रुळला आहे, की तक्रार करणाराच कोत्या मनाचा ठरतो. तारकर्लीच्या किनाऱ्यावरचा एकच झोपाळा चार होम-स्टेंच्या जाहिरातींत झुलत असतो, आणि त्यांतले दोन होम-स्टे समुद्रापासून इतके आत असतात की भरती-ओहोटी तिथे वर्तमानपत्रात वाचूनच कळावी. मिसळीच्या एका ताटलीवर पुण्यापासून नाशिकपर्यंतची अर्धा डझन हॉटेले जगतात. कट, शेव आणि लिंबाची फोड सगळीकडे तीच, चव ज्याच्या त्याच्या नशिबाची. एप्रिल उजाडला की देवगडच्या कुठल्याशा बागेत गवतावर मांडलेले तेच बारा आंबे व्हॉट्सॲपवर फिरू लागतात, आणि ज्यांनी देवगड नकाशातही पाहिलेले नाही असे विक्रेते त्यांवर ‘आमच्या बागेतून थेट तुमच्या घरी’ असे लिहून मोकळे होतात.

यात नागवले जातात ते बहुधा लहान धंदेवाले. घरगुती फराळ, रांगोळी, केक, मेकअप, मंडप-सजावट, पैठणीची विक्री असे यांचे व्यवसाय. मोठ्या कंपनीचा फोटो उचलताना माणूस दोनदा विचार करतो, कारण मोठ्या कंपनीकडे वकील असतो. लहान धंदेवाल्याकडे भीड असते, आणि फोटो उचलणाऱ्याचे सारे भांडवल हीच भीड. ज्यांना भीड नाही त्यांना संताप असतो. ते रात्री साडेअकराला फेसबुकवर ‘लाज वाटली पाहिजे’ अशी पोस्ट टाकतात, तिला दोनशे लाइक मिळतात आणि पुरावा मात्र सकाळपर्यंत नाहीसा होतो. गप्प बसणारा आणि ओरडणारा असे दोघेही सारखेच हरतात. कायदा त्यांच्या बाजूने असतो, पण तो कोणत्या क्रमाने वापरायचा हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

चोरी उघडकीस कशी येते हेही पाहण्यासारखे आहे. गूगल लेन्ससारखी साधने आहेत. आपला फोटो त्यांत घातला की तो आणखी कुठे कुठे आहे ते बऱ्यापैकी कळते. पण महाराष्ट्रात या कामी नातेवाईक अधिक तत्पर. नणंदेकडून स्क्रीनशॉट येतो, खाली प्रश्न असतो, ‘वहिनी, ही तुमचीच चकली ना?’, आणि तपास तिथेच संपतो. चकलीचे काटे नणंद ओळखते. कोणत्याही यंत्राला अजून ते जमलेले नाही.

हे सारे मोबाईलमुळे सुरू झाले असा एक समज आहे. तो खरा नाही. १८८२ साली ऑस्कर वाइल्ड व्याख्यानांसाठी अमेरिकेत गेला, तेव्हा न्यूयॉर्कमधले नामांकित छायाचित्रकार नेपोलियन सॅरोनी यांनी त्याचे फोटो काढले. त्यांतला एक बरो-जाइल्स लिथोग्राफिक कंपनीने उचलला आणि त्याच्या ८५,००० प्रती छापल्या. खटला उभा राहिल्यावर कंपनीने बचाव मांडला तो असा, की फोटो यंत्र काढते, माणूस फक्त यंत्राशेजारी उभा असतो. मग त्यावर माणसाचा हक्क कसला? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये हा बचाव फेटाळला. वाइल्डने काय घालावे, कसे बसावे, मागे पडदा कोणता, उजेड कुठून यावा, हे सॅरोनींनी ठरवले होते, म्हणून फोटोचे कर्ते तेच, असा निकाल झाला. आज कोल्हापूरचा एखादा फ्लेक्सवाला ‘मोबाईलनं तर काढलाय, त्यात काय एवढं?’ असे विचारतो, तेव्हा तो १४० वर्षांपूर्वी हरलेली केस पुन्हा लढत असतो. तीही विनाशुल्क.

भारतात या विषयाचा पाया म्हणजे १९५७ चा प्रताधिकार कायदा. त्यात फोटो ही ‘कलाकृती’ मानलेली आहे, आणि ती तशी मानताना कायद्याने मोठे मन दाखवले आहे: कृतीत कलागुण असोत वा नसोत, संरक्षण मिळतेच. व्हॉट्सॲप स्टेटसवर रोज सूर्योदय टाकणाऱ्या कित्येकांना या तरतुदीने धीर यावा. फोटो काढला त्या क्षणी हक्क निर्माण होतो. कुठे अर्ज, शिक्का, मुहूर्त काही लागत नाही. पूर्वी फोटोवरचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे मोजला जाई. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे आज काढलेल्या उकडीच्या मोदकाच्या फोटोवर फोटो काढणाऱ्याच्या नातवंडांनाही दावा सांगता येईल. मोदकावर सांगता येणार नाही.

नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही ‘रजिस्ट्रेशन कुठाय?’ हा प्रश्न दरडावून विचारला जातो आणि विचारला की समोरचा खचतो, असा अनुभव असल्याने तो पुन्हा पुन्हा विचारला जातो. त्याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये देऊन ठेवले आहे. संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग या खाद्यतेलाच्या वेष्टनावरून झालेल्या वादात न्यायालयाने स्पष्ट केले की दावा लावण्यासाठी प्रताधिकाराची नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केल्यास तो प्रथमदर्शनी पुरावा ठरतो, एवढाच फायदा. आणि कलाकृतीच्या नोंदणीचे सरकारी शुल्क साधारण ५०० रुपयांपासून सुरू होते, म्हणजे जे फोटो वर्षानुवर्षे धंदा आणतात त्यांच्यासाठी ते भरायला हरकत नसावी. सगळ्यांसाठी भरू नये. दिवाळीच्या एका डब्याचे साठ फोटो असतात.

आता खरा अवघड भाग. दुसऱ्याला ‘हा फोटो आमचा’ असे सांगण्यापूर्वी तो खरोखर आपला आहे की नाही हे तपासावे लागते, आणि इथे भलेभले आपटतात. कायद्याने फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. मोबाईल कोणाचा, हॉटेल कोणाचे, थालीपीठ कोणी थापले, याला महत्त्व नाही. महाराष्ट्रातल्या लहान व्यवसायांचे बहुसंख्य फोटो भाच्याने काढलेले असतात. भाचा पगारी नोकर नसतो, त्याला मोबदलाही मिळालेला नसतो (थालीपीठ मिळालेले असते, ते कायद्याच्या दृष्टीने मोबदला ठरते का यावर वकिलांना चर्चा करता येईल), त्यामुळे हक्क भाच्याचाच. तो मामाकडे द्यायचा तर लेखी आणि सही करून द्यावा लागतो. नुसते ‘घे मामा, वापर’ पुरत नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. तेव्हा ज्याला चोरावर बडगा उगारायचा आहे त्याने आधी भाच्याला जेवायला बोलवावे.

भाच्याची स्थिती तरी बरी. इंडोनेशियात सुलावेसी बेटावर २०११ मध्ये डेव्हिड स्लेटर या ब्रिटिश छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याने एका माकडाने स्वतःचे फोटो काढले. ते जगभर गाजले, मोफत वापरले गेले, आणि स्लेटर हक्क सांगू लागला तेव्हा ‘बटण तुम्ही दाबलेच नाही’ असे उत्तर त्याला मिळाले. पुढे २०१५ मध्ये एका प्राणिमित्र संघटनेने माकडाच्या वतीने स्लेटरवरच खटला भरला. २०१७ मध्ये तडजोड झाली आणि त्या फोटोंच्या पुढच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा प्राणिरक्षणासाठी द्यायचे स्लेटरने मान्य केले. २०१८ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने प्राण्याला प्रताधिकाराचा दावा लावता येत नाही असा निर्णय दिला. माकडाला काही मिळाले नाही. छायाचित्रकाराच्या हाती प्रसिद्धी आणि वकिलांची बिले राहिली.

लग्नाच्या फोटोंची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. नवरीचा एक बरा क्लोज-अप निघाला की त्या दिवसापासून तो मेकअपवालीच्या पानावर दिसतो, मेंदीवालीच्या दिसतो, पैठणीच्या दुकानात दिसतो, नथ घडवणाऱ्या सराफाकडे दिसतो, मुंडावळ्या करणारीकडे दिसतो, मंगल कार्यालयाच्या पत्रकावर दिसतो आणि स्टुडिओच्या काचेत तर तो असतोच. प्रत्येकाने खाली ‘आमचे काम’ असे लिहिलेले असते, आणि प्रत्येकाच्या दृष्टीने ते खरेही असते. मालक मात्र यांतला कोणीच नाही. मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ज्याने ते काम सांगितले आणि पैसे मोजले तो. बहुतेक लग्नांत हा गृहस्थ म्हणजे वधूपिता. तो कार्यालयाच्या वीजबिलावरून व्यवस्थापकाशी हुज्जत घालत उभा असतो, आणि आपण एकाच दिवशी सात व्यवसायांचे जाहिरात-निर्माते झालो आहोत याची त्याला सुतराम कल्पना नसते. जाणते स्टुडिओ आपल्या कोटेशनच्या तळाशी ‘सर्व हक्क स्टुडिओकडे’ असे छापतात, आणि मग पारडे फिरते. ते छापलेले वाचायला लग्नाआधी कोणाला वेळ नसतो आणि लग्नानंतर कोणाला उत्साह. नवरीची स्वतःची संमती हा तर आणखी वेगळा मुद्दा, आणि तो सातांपैकी एकालाही आठवत नाही.

मालकी उदारपणे सोडून दिली तर काय होते याचाही एक नमुना आहे. कॅरोल हायस्मिथ या अमेरिकी छायाचित्रकर्तीने आपले हजारो फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांच्या मोफत वापरासाठी दिले. काही वर्षांनी तिला एक पत्र आले: तुमच्या संकेतस्थळावर अमुक फोटो विनापरवाना आहे, १२० डॉलर भरा. फोटो तिनेच काढलेला होता. संतापून तिने २०१६ मध्ये १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला. पण हक्क आधीच सोडलेले असल्याने प्रताधिकाराचा भाग न्यायालयात टिकला नाही. दानात दिलेली वस्तू दुसऱ्याने दुकानात मांडली, तर दात्याला फक्त पाहत उभे राहता येते.

मालकी ठरली की पुरावा. तो फोन करण्याच्या आधी गोळा करायचा असतो, कारण फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत फोटो उडतो आणि ‘कुठला फोटो, ताई?’ हा प्रश्न येतो. पानाचा पत्ता आणि तारीख दिसेल असा संपूर्ण स्क्रीनशॉट घ्यावा. फ्लेक्स असेल तर दुकानाच्या पाटीसह त्याचा फोटो काढावा. नुसत्या फ्लेक्सचा काढला तर तो कुठल्या चौकातला हे सिद्ध करताना घाम फुटतो. छापील पत्रक मिळाले तर दोन प्रती ठेवाव्यात, एक फायलीत आणि एक घरच्यांनी चुकून रद्दीत टाकेपर्यंत टेबलावर. आणि मूळ फाईल जपावी, तीही एकटी नव्हे. चकलीच्या एका सुरेख फोटोआधी वीस वाईट फोटो निघालेले असतात: एकात सावली पडलेली, एकात तेलाचा डाग, एकात सासूबाईंचा हात, एकात मांजर. ही सगळी रांग म्हणजे उत्तम पुरावा. चोराकडे फक्त चांगला फोटो असतो. वाईट फोटो ज्याच्याकडे आहेत तो मालक.

वॉटरमार्कबद्दल थोडे. तो कोपऱ्यात टाकण्याची चाल आहे, त्यामुळे कापणाऱ्याला सोयीचे पडते. तरीही टाकावा, कारण हक्काची अशी माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा २०१२ पासून कलम ६५ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र मराठी घरांत याहून पक्का वॉटरमार्क पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, तो म्हणजे भांड्यावर नाव घालण्याची पद्धत. चकल्या रचलेल्या स्टीलच्या ताटलीच्या मधोमध ‘वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट’, खाली आडनाव आणि १९९४ हे साल ठोक्याठोक्यांनी कोरलेले असते. फोटो उचलणारा कोपऱ्यातला वॉटरमार्क चोख कापतो. दोन चकल्यांच्या फटीतून डोकावणारे आडनाव त्याला दिसत नाही, आणि दिसले तरी चकल्या कापल्याशिवाय ते कापता येत नाही. अशा वेळी फोनवरचा संवाद साधारण पुढीलप्रमाणे होतो.

“ताई, तुमचा आहे होय? आम्हाला काय ठाऊक. गूगलवर होता.”

“गूगलवर आमच्या पानावरूनच गेला, दादा.”

“मग नाव टाकायचं ना वर! नाव कुठं लिहिलंय?”

“ताटलीवर.”

यानंतर पलीकडे थोडा वेळ शांतता असते. मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला जात असतो.

‘गूगलवरून घेतला’ हा या क्षेत्रातला आद्य बचाव. गूगल हा शोध घेणारा आहे, फोटो वाटणारा नव्हे. पण मराठी व्यापारी जगतात गूगल हे सार्वजनिक पाणवठ्याच्या दर्जाला पोहोचले आहे. कायद्यात या अज्ञानाला अगदीच थारा नाही असेही नाही: हक्क अस्तित्वात आहे हे ठाऊक नव्हते आणि तसे वाटण्याजोगे कारणही नव्हते, असे प्रतिवादीने सिद्ध केले तर नुकसानभरपाई मिळत नाही, मनाई हुकूम आणि त्याने कमावलेल्या नफ्यातला न्यायालय ठरवील तेवढा भाग मिळतो. मात्र ‘सिद्ध केले तर’. वॉटरमार्क कापून झाल्यावर हे सिद्ध करणे जड जाते.

दुसरा बचाव, ‘तुम्हीच तर सोशल मीडियावर टाकला होता’. हा बचाव फार मोठ्या लोकांनीही करून पाहिला आहे. जानेवारी २०१० च्या हैती भूकंपानंतर डॅनियल मोरेल या छायाचित्रकाराने तिथले फोटो ट्विटरवरून प्रसिद्ध केले. दुसऱ्याच एका माणसाने ते स्वतःच्या नावावर खपवले, तिथून एका जागतिक वृत्तसंस्थेने उचलले आणि ते जगभर विकले गेले. मोरेलने हरकत घेतल्यावर त्या संस्थेनेच आधी न्यायालय गाठून मोरेलविरुद्ध दावा लावला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. ट्विटरवर टाकले म्हणजे सगळ्यांना परवाना दिला हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही, आणि २०१३ मध्ये ज्यूरीने मोरेलला १२ लाख डॉलर मंजूर केले. फोटो टाकताना आपण त्या सोशल मीडिया कंपनीला काही परवानगी देतो, हे खरे. ती परवानगी समोरच्या गल्लीतल्या स्वीट मार्टपर्यंत पोहोचत नाही.

तिसरा, ‘आमच्या डीटीपीवाल्याने टाकला’. महाराष्ट्रातल्या प्रत्येक फ्लेक्समागे एक डीटीपीवाला असतो आणि प्रत्येक चुकीनंतर तो गावी गेलेला असतो. ज्याच्या धंद्याची जाहिरात आहे त्याची जबाबदारी यामुळे टळत नाही. चौथा बचाव सर्वांत गोड आहे: ‘तुमचीच जाहिरात झाली की!’ फोटोखाली दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याचा फोन नंबर आणि दुसऱ्याचे ‘आजच ऑर्डर करा’ असताना ही जाहिरात मूळ मालकाची कशी झाली हे विचारल्यास ‘तसं नाही हो’ असे उत्तर मिळते. कसे ते कळत नाही. शेवटी ‘काढून टाकतो, विषय संपवा’ ही ओळ येते आणि भीड असलेले लोक इथे विषय संपवतात. तो इथे संपवू नये. फोटो काढून टाकल्याने पुढचा वापर थांबतो. मागच्या दोन महिन्यांच्या वापराचे पैसे उरतातच.

त्या पैशांसाठी या विषयातले सर्वांत दुर्लक्षित हत्यार म्हणजे साधे बिल. अमेरिकेत वेळेवर नोंदवलेल्या कृतीसाठी कायद्यानेच प्रत्येक कृतीमागे ७५० ते दीड लाख डॉलरपर्यंतची भरपाई ठरवलेली आहे. भारतात असे दरपत्रक नाही, म्हणून आकडा आपल्यालाच मांडावा लागतो. हाच फोटो रीतसर विकत दिला असता तर काय घेतले असते, तो किती ठिकाणी आणि किती दिवस वापरला, नाव दिले होते का, यावरून रक्कम काढावी. ती हास्यास्पद वाटेल इतकी मोठी नसावी आणि दयनीय वाटेल इतकी लहान नसावी. मग रीतसर बिल करावे: क्रमांक, तारीख, ‘छायाचित्र वापर शुल्क’, रक्कम, १५ दिवसांची मुदत, बँकेचा तपशील. निषेधाचे पत्र फोटो उचलणाऱ्या धंद्याच्या मालकाकडे जाते आणि मालक ते फाडतो. बिल हिशेबनिसाकडे जाते, आणि हिशेबनीस कुठलेच बिल फाडत नाही. तो ते फायलीला लावतो आणि दर शनिवारी मालकाला विचारतो, “साहेब, हे फोटोचं काय करायचं?” दोन-तीन शनिवारांत मालक वैतागून फोन करतो, आणि वाटाघाट सुरू होते.

बिलाने काम झाले नाही तर फोटो ज्या मंचावर लावला आहे त्याच्याकडे लेखी तक्रार करावी. बहुतेक मंचांवर त्यासाठी तयार फॉर्म असतात. भारतीय नियमांनुसार फोटोच्या मालकाची रीतसर तक्रार पोहोचल्यावर मंचाने खातरजमा करून ३६ तासांत ती सामग्री रोखायची असते; मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर मंचाला ती पुन्हा खुली करता येते. फ्लेक्सला कोणताही फॉर्म लागू होत नाही. तो महापालिका काढेपर्यंत किंवा वादळ येईपर्यंत राहतो.

पुढची पायरी वकिलाची नोटीस. तिचा कागद जाड असावा अशी समजूत आहे. मजकूर पातळ चालतो. पूर्वी ती ‘रजिस्टर एडी’ने जाई आणि त्या दोन शब्दांनीच निम्मी तडजोड होई, २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टात विलीन केल्याने धाकाचे एक परंपरागत साधन कमी झाले आहे. संतापी मंडळींनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हक्क नसताना उगाच धमकावले तर कलम ६० खाली समोरचाच दावा लावू शकतो, म्हणून भाच्याची सही आधी, नोटीस नंतर.

न्यायालयाबद्दल थोडक्यात: मालकाला आपण राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, चोराच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षे. दावा तीन लाख रुपयांचा किंवा मोठा असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थीला जावे लागते. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचे तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, जे जुन्या पुरावा कायद्यात कलम ६५ब म्हणून ओळखले जाई. गंमत अशी की प्रताधिकार कायद्यात जाणूनबुजून केलेल्या चोरीची शिक्षाही कलम ६३ मध्येच आहे आणि वॉटरमार्क खोडण्याची ६५ब मध्ये. त्यामुळे अशिलाने ‘त्रेसष्ट’ म्हटल्यावर वकिलाला प्रत्येक वेळी ‘कुठलं?’ असे विचारावे लागते.

चोरीची ही शिक्षा किरकोळ नाही. किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी चोरी नसेल तरच न्यायालय कारण नोंदवून ती कमी करू शकते. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सांगितले. पोलीस ठाण्यात गेल्यावर अर्थात ‘चकलीचा फोटो चोरीला गेला’ या वाक्यातला ‘फोटो’ हा शब्द नीट उच्चारावा. नाहीतर हवालदार “किती किलो होती?” असे विचारून लिहायला घेतो.

बहुतेक प्रकरणे इतकी दूर जात नाहीत. ती वाटाघाटीत मिटतात, आणि तिथे समोरून ठरलेला प्रस्ताव येतो: पैशांचे राहू द्या, आमच्याकडून काहीतरी घेऊन जा. होम-स्टेवाला दोन दिवस फुकट राहायला बोलावतो, आंबेवाला एक पेटी पाठवतो, फराळवाला दोन किलो चकली देऊ करतो. फराळवाल्याच्या बाबतीत हा प्रस्ताव स्वीकारायला हरकत नाही. एक चकली तोंडात टाकली की त्याला फोटो दुसरीकडून का आणावा लागला ते कळते. बिल मात्र मागे घेऊ नये.